निजलेल्या मुलांचा माळ

प्रिय जोकिम,

लीना माझ्याकडे आहे आणि बरी आहे, हे आधी वाच आणि मग श्वास सोड. बायकोच्या काळजीने केलेले तुझे फोन येऊन गेलेले मला दिसतात. पण करवंदवाडीत रेंज येते ती फक्त हातपंपापाशी, आणि तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे अख्ख्या पाड्याला ऐकवायचं. शिवाय फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी दोन वाक्यं बोलले की तुझं ‘बरं बरं, ठेवतो’ सुरू होतं. म्हणून हे पत्र. फादर ऑल्विन उद्या वसईला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे. शुक्रवारी शहापूरला त्या गोदामांच्या प्रकल्पाची जनसुनावणी आहे आणि तुझ्या संस्थेचा अहवाल तिथे तू स्वतः मांडणार आहेस, हे लीनाने सांगितलं. ज्या माळावर ती गोदामं व्हायची आहेत त्या माळाबद्दल मला लिहायचं आहे. तू वैतागशील, पण शेवटपर्यंत वाच.

निवृत्त होऊनही मी वसईला परत का येत नाही, असं तू दर नाताळाला विचारतोस. मी दरवेळी थट्टेवारी नेते, की इथे शेणव्याच्या बाजारात सुकट स्वस्त मिळते. खरं कारण असं, की मिशनच्या सिस्टर इथून गेल्या तेव्हा त्यांनी दवाखान्याची किल्ली आणि चॅपेलच्या घंटेचा दोर असं दोन्ही माझ्या हातात दिलं. दवाखाना आता अर्धाच चालतो. घंटा मात्र मी रोज बारा वाजता वाजवते. आपल्यासाठी ती देवदूताच्या वंदनेची वेळ. पाड्यासाठी ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, कारण टळटळीत दुपारी इथे कुणी बांधावरसुद्धा पाय ठेवत नाही. मी नवी होते तेव्हा सुईण धोंडूबाईने मला विचारलं होतं, घंटा रोज वाजवशील ना, एकही दिवस चुकवणार नाहीस ना? मला वाटलं, बाईला प्रार्थनेची गोडी लागली. तर ती म्हणाली, घंटा वाजली की पोरं निजतात. पाड्यातली तान्ही मुलं दुपारी झोपतात, त्यांच्याबद्दल बोलते आहे असं मी समजले आणि विसरून गेले.

तो माळ तू पाहिलेला आहेस. जानेवारीत तू संस्थेच्या गाडीतून आलास, माझ्याकडे जेवलास, आणि मी नको म्हणत असताना भर दुपारी तिकडे गेलास. मी आणि धोंडूबाई चिंचेखाली थांबलो होतो. तू काळा चष्मा लावून माळाच्या मधोमध उभा होतास, हात लांब करून माणसांना काहीतरी दाखवत होतास. तिथलं गवत पोटरीइतकं वाढलेलं असतं, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? सगळीकडची गुरं चरून जमीन उघडी पडलेली, आणि तिथे गवत तसंच उभं. गुरं बांधापर्यंत येतात आणि वळतात. त्यांना कुणी हाकलत नाही. मग तू बोलता बोलता एकदम थांबलास आणि मागे वळून खाली बघितलंस. परत आल्यावर हसत म्हणालास, कुणीतरी पँट ओढल्यासारखं वाटलं गं, काटा लागला असेल. तू पँट झटकलीस. काटा निघाला नाही. तुझी गाडी गेली. मग धोंडूबाई हळूच म्हणाली, “वळखलान गो त्याला.” कुणी ओळखलं, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तुझा अहवाल मी वाचला. इंटरनेटवर टाकलेला आहे, माधुरीने मला छापून आणून दिला. माधुरी म्हणजे आपली अंगणवाडीची बाई. त्यात लिहिलंय, जागा पडीक व निर्जन आहे, तिथे कोणतंही पूजास्थान, स्मशान अगर दफनभूमी नाही. तू खोटं लिहिलं नाहीस, हे मी पहिल्यांदा सांगते, नाहीतर तू इथेच कागद खाली ठेवशील. तुझी माणसं पाड्यात आली, गणूला विचारलं, इथे तुमचं स्मशान आहे का? धोंडूबाईचा हा मुलगा कधी खोटं बोलत नाही. तो नाही म्हणाला. पाड्याचं स्मशान खाली नदीवर आहे, तिथे मोठी माणसं जाळतात. माळाला ते स्मशान म्हणतच नाहीत. माळाला ते काहीच म्हणत नाहीत. दात यायच्या आधी गेलेलं मूल इथे जाळत नाहीत, आईच्या लुगड्यात गुंडाळून पुरतात, उशाशी नदीतला एक गुळगुळीत गोटा ठेवतात, त्यावर चार थेंब दूध. आणि त्यानंतर त्या जागेचं नाव घ्यायचं नाही, तिकडे बोट दाखवायचं नाही, परक्याला तर मुळीच सांगायचं नाही. नाव घेतलं की मुलं जागी होतात आणि जागं झालेलं मूल आईला शोधत घरी येतं. तुझ्या माणसांनी पन्नास घरांत विचारलं असतं तरी पन्नास घरांनी नाहीच म्हटलं असतं. मलासुद्धा हे सगळं कळायला किती वर्षं लागली. एकाच वेळी नव्हे, एकेका बाळंतपणाला एकेक वाक्य कळत गेलं. आज त्या गवतात हात घालून बघशील तर हाताहाताच्या अंतरावर एकेक गोटा लागेल.

मोजणीवाले होळीनंतर आले. त्यांचा मुख्य सुनिल नावाचा, कल्याणचा, चांगला पोट सुटलेला, हसतमुख माणूस. लाल रंग दिलेल्या लोखंडी खुंट्या त्यांनी माळभर ठोकल्या आणि संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर खुंट्या उपटलेल्या. उपटून फेकलेल्या असत्या तर पोलिसांत गेले असते. पण त्या माळाच्या कडेला ओळीने निजवलेल्या होत्या. प्रत्येक खुंटी जुन्या लुगड्याच्या फडक्यात मानेपर्यंत गुंडाळलेली, फक्त लाल डोकं तेवढं उघडं. मी ते स्वतः जाऊन पाहिलं. मी आयुष्यभर बाळं गुंडाळली आहेत, जोकिम, ते काम सरावाच्या हाताचं होतं. सुनिलने शिव्या घातल्या, फडकी सोडली, खुंट्या पुन्हा ठोकल्या. पुन्हा तेच झालं. पाड्यातल्या बायांना मी विचारलं तर त्यांचे चेहरे पांढरे पडले. त्यांच्यातली एकही तिकडे गेली नव्हती, आणि मला ते खरं वाटतं.

तिसऱ्या खेपेला, ईस्टर झाल्यावर, सुनिल थेट माझ्या दवाखान्यात आला. अंगात ताप नव्हता, नाडी मात्र पळत होती. पाणी प्यायला आणि म्हणाला, सिस्टर, तिकडे बाई बसलीय. मला सगळे सिस्टरच म्हणतात, मी दुरुस्त करणं सोडलंय. बारा वाजायच्या सुमाराला तो एकटा माळावर गेला होता. गवतात पांढऱ्या कपड्यातली बाई पाठमोरी बसलेली, मांडी हलवत होती. त्याने दुरून हटकलं, “ओ बाई, इधर काम चालू है.” तिने मागे वळून न बघता म्हटलं, “हळू बोला.” एवढंच. आवाज शहरातल्या शिकलेल्या बाईचा होता, म्हणून तो जास्त घाबरला. आणि मग, तो म्हणाला, तिच्या आजूबाजूचं गवत हलत होतं, पण वारा नव्हता. त्याने मला विचारलं, हे तुमच्या देवाचं काही आहे का? मी नाही म्हटलं. तो त्याच दिवशी काम सोडून गेला. हल्ली दुसरा माणूस येतो, पण सकाळी नऊच्या आत काम उरकून निघतो.

आणखी एक सांगते आणि मग मुद्द्यावर येते. ईस्टरच्या आठवड्यात घंटेचा दोर तुटला. गणू नवा दोर आणायला धसईला गेला होता, म्हणून त्या दुपारी घंटा वाजली नाही. मी पायरीवर बसून तोंडानेच वंदना म्हणत होते. ‘नमो मरिया’ अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात पाड्यातली सगळी तान्ही मुलं एका वेळी रडायला लागली. एक नव्हे, सगळी. आणि मग एका वेळी थांबली. त्या शांततेत माळाकडून गुणगुणणं आलं, अंगाई म्हणतात तसं, शब्द नसलेलं. ते एका बाईचं नव्हतं. माझ्या हातातली जपमाळ ओली झाली, इतका घाम आला. मी ताप मोजणारी, औषध देणारी बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण दर रविवारी आपण उभं राहून म्हणतो, मृतांच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. म्हणायला काय जातंय! ते खरोखरच इतक्या जवळ असतील असं धरून आपण कधी म्हटलेलं नसतं.

आता तुझ्याबद्दल. गेल्या वर्षी कामगार दिनाला तू आपल्या चर्चमध्ये ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीवर बोललास, ते माधुरीच्या मोबाइलवर मी पाहिलं. छान बोललास. सूट अंमळ घट्ट झाला होता, ते सोड. तू म्हणालास, माणसाची प्रतिष्ठा त्याच्या उपयोगावर ठरत नाही, सामाईक हित म्हणजे बहुसंख्यांची सोय नव्हे, आणि जो सगळ्यात कमजोर आहे त्याला ओळीत पहिलं उभं करायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इथे पायरीवर बसून वाजवल्या. मग मला वाटलं, याच्या डोळ्यांसमोर सगळ्यात कमजोर म्हणून कोण उभं असेल? ज्याला मत नाही, ज्याचं आधार कार्ड नाही, जो बोलायला शिकलाच नाही, असा कुणी याला दिसत असेल का? लहानपणी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची कृत्यं घोकली. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, आणि सगळ्यात शेवटी मृतांना मूठमाती. ते शेवटचं तू नेहमी विसरायचास आणि छडी खायचास.

मी प्रकल्पाच्या विरोधात आहे असं समजू नकोस. सावळी, म्हणजे गणूची बायको, तिच्या भावाला तिथे नोकरी लागेल असं सांगितलंय, आणि तो प्रणय खरंच हुशार आहे. इथल्या पोरांनी किती दिवस भिवंडीला धक्के खायचे? गोदामं होऊ देत. माळाच्या पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, तेवढीच सपाट जागा पडली आहे, तुझ्याच नकाशात ती आहे. फक्त माळ सोडायचा. पण हे सुनावणीत सांगणार कोण? मी उभी राहिले तर पाच मिनिटांत विषय माळाचा राहणार नाही, मिशनवाल्या बाईचा होईल. ही आदिवासींना भडकवते, बाटवते, हिला प्रकल्प नको. गेल्या वर्षी दवाखान्याच्या भिंतीवर काय लिहून ठेवलं होतं ते तुला कळवलंच होतं. मला स्वतःची भीती नाही, पण माझ्यामुळे त्या मुलांचं नुकसान व्हायला नको.

मग मी धोंडूबाईला विचारलं, तुमच्यातलं कुणी बोलेल का? ती म्हणाली, आयांनी नाव घ्यायचं नाही, पण बाप घेऊ शकतो. एकदाच. आधी त्याने माळावर जाऊन पोराला सांगायचं, मी तुझं नाव घेणार आहे, उठू नको. गणू तयार होता. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचंही एक मूल तिथे निजवलेलं आहे. पण सावळीला दिवस गेलेत. धोंडूबाई म्हणाली, “ज्याच्या घरात पाळना हलायचा हाय, त्यानं नाय बोलायचं. धाकटं तिकडं ओढलं जातं.” पाड्यातलं असं एक घर नाही, जिथे कुणी ना कुणी पोटुशी नाही किंवा व्हायची नाही. मला हे सगळं पटतं असं नाही. पण दुसऱ्याच्या मेलेल्या मुलांबद्दल बोलायचं तर त्याच्या रीतीने बोलावं, एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे. तेव्हा उरतो तो फक्त असा बाप, ज्याचं मूल त्या माळावर आहे आणि ज्याच्या घरात आता पाळणा हलायचा नाही.

पांढऱ्या कपड्यातली बाई लीना आहे, जोकिम. तुला एव्हाना कळलं असेल. ईस्टरनंतर ती दरवर्षी चार दिवस माझ्याकडे हवापालटाला येते असं तू समजतोस. ती येते तेव्हा रोज दुपारी तिथे जाऊन बसते. पाड्यातल्या बाया तिला अडवत नाहीत, उलट घंटा वाजेपर्यंत दाराआड उभ्या राहून वाट बघतात. या वर्षी खुंट्या पाहिल्यापासून ती परत यायचं नावच काढत नाही. खुंट्या तिने उपटल्या का, असं मी तिला सरळ विचारलं. नाही म्हणाली. ती गेली तेव्हा त्या आधीच गुंडाळून ठेवलेल्या होत्या, फक्त एका फडक्याची घडी सैल होती, ती तिने नीट केली. माझा तिच्यावर विश्वास आहे. आणि गुणगुणण्याचं विचारलं, तर माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं, ती ते केव्हापासून ऐकते आहे, मलाच उशिरा ऐकू आलं.

लॉकडाऊनमध्ये लीना माझ्याकडे अडकली होती आणि तू कुवेतला, विमानं बंद. सातव्या महिन्यात तिला कळा सुरू झाल्या, अँब्युलन्स शहापूरहून निघाली पण पोचली नाही. मी तुला फोनवर एवढंच सांगितलं, की बाळ राहिलं नाही. तू म्हणालास, मला पुढे काही सांगू नकोस, कधीच सांगू नकोस, मला ऐकवणार नाही. मी ऐकलं तुझं. लीनानेही ऐकलं, आणि ते तिला फार जड गेलं. तू परत आलास, पण कधी विचारलं नाहीस. आज मी तुझं ऐकणार नाही. ती जिवंत जन्मली होती. एक ‘नमो मरिया’ म्हणून होईल, तेवढा वेळ ती होती. मी धोंडूबाईच्या माठातलं पाणी हातात घेतलं आणि तिचा बाप्तिस्मा केला. कुणीही करू शकतो अशा वेळी, तुला माहीत आहे. तिचं नाव आग्नेस, आपल्या आईचं. वसईच्या दफनभूमीपर्यंत नेणं शक्य नव्हतं, तेव्हा धोंडूबाईने तिला आपल्या लुगड्यात घेतलं आणि त्यांच्या मुलांमध्ये निजवलं, गणूच्या मुलाशेजारी. परकी म्हटलं नाही. शुक्रवारी तुला भाषण करायचं नाही. अहवाल हातात घेऊन उभा राहा आणि म्हण, यातलं एक वाक्य चुकलं आहे, त्या माळावर मुलं पुरलेली आहेत आणि त्यात माझी मुलगी आग्नेस आहे. तुझी नोकरी जाईल कदाचित. मी तुला खोटा धीर देत नाही. पण त्याआधी गुरुवारी इकडे ये आणि बाराच्या आत माळावर जा. आम्ही कुणी सोबत येणार नाही, बापाला एकट्यानेच जावं लागतं. गवतात कुणी पँट ओढली तर या वेळी झटकू नकोस, खाली बस आणि तिला सांग. घाबरू नकोस रे. लहान आहे ती.

तुझीच थोरली,
ब्रिजित